दगडातले बिऱ्हाडकरू

चिंचेच्या पाण्यात दगड चुरचुरला आणि म्हाळसाबाईचा हात परातीतच थांबला. आवाज फार मोठा नव्हता. तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडावा त्याहूनही बारीक. पण सत्तरी ओलांडली तरी म्हाळसाबाईचे कान अजून मेंढराच्या खोकल्यानं जागे होणारे. खंडोबाचा टाक, बाणाईचा, सासऱ्याचा, नवऱ्याचा म्हणजे मुंजाबाचा, सगळे चांदीचे पत्रे त्या पाण्यात गुमान पडून होते, दर रविवारी पडतात तसे. चुरचुरत होता तो एकटा दगड. त्याच्या अंगावर राईहून बारीक बुडबुडे धरत होते, फुटत होते, पुन्हा धरत होते. आधी तिला वाटलं, मळ सुटतोय. इतका जुना मळ, सुटायला वेळ लागणारच. म्हणून तिनं काथ्या घेतला आणि दगडाची सपाट बाजू, तिच्या नातीनं आरशासारखी करून आणलेली बाजू, चांगली घसाघसा घासली. मग साध्या पाण्यातून काढून उजेडात धरली. काल संध्याकाळी जिथं जाळी होती, तिथं आता मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं नुसतं पांढुरकं काहीतरी होतं.

नात म्हणजे प्रांजली, तिच्या लेकाची, बिभीषणाची थोरली. पुण्यात दगडांचं शिकते. भावकीतल्या बाया लग्नाकार्यात विचारायच्या, पोरीचं वय दगडात चाललंय का, तेव्हा म्हाळसाबाईनं त्यांना एकदाच ऐकवलं होतं, "तुमच्या पोरींचं चुलीत गेलं, आमचीचं दगडात. दगड जळत तरी नाय." त्यानंतर कुणी विचारलं नाही. तर ही प्रांजली काल पुण्याहून आली ती एक कापसाची डबी घेऊन, आणि चहासुद्धा न पिता आजीला गच्चीवर घेऊन गेली. उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीत सगळ्यांत उंच गच्ची म्हाळसाबाईची. तिथून खालची पत्र्याची छपरं, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेली धुणी, सगळं आपल्याच मालकीचं असल्यासारखं दिसतं. तिथं उन्हाकडं पाठ करून प्रांजलीनं तिच्या डोळ्याला भिंग लावलं आणि दगड हातावर ठेवला.

"काय दिसतं, आजी?"

"मव्हाचं पोळं."

"पोळ्यासारखंच. पण पोळ्यातली माशी जाती-येती. ह्यांचं तसं नाय. एकेका भोकात एकेक जनावर. तिथंच जन्मायचं, तिथंच मरायचं. दारातून नुसत्या मिशा बाहेर काढायच्या, पाण्यातलं घावंल ते खायचं, भ्या वाटलं की आत. भिंत ज्याची त्यानं घातलेली, पण शेजाऱ्याच्या भिंतीला लागून. ब्रायोझोआ म्हणतात. शेवाळासारखे दिसतात म्हणून शेवाळ-प्राणी."

"बिऱ्हाडकरू म्हण की सरळ. कुठं घावला?"

"हिमालयात. तिथं तवा समुद्र होता. पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वी."

कोटी म्हणजे किती ते म्हाळसाबाईनं विचारलं नाही. आपल्याला न कळलेलं विचारायची तिला सवय नव्हती. तिनं नुसती मान हलवली, मेंढरं विकत घेताना समोरच्यानं भाव सांगितल्यावर हलवायची तशी. मग प्रांजलीनं सुईच्या टोकानं जाळीच्या मधोमध दाखवलं. तिथं एक भोक जरा वेगळं होतं, बाकीच्यांहून बुटकं, आणि त्याच्या भोवतीनं इतर भोकं बांगड्या भराव्यात तशी. ही पहिली खोली, ती म्हणाली. एक इवलंसं पिल्लू पोहत आलं, दगडावर बसलं ते परत उठलंच नाही. त्यानं अंगाभोवती भिंत घातली. मग त्याच्या अंगातून दुसरी खोली फुटली, दुसरीतून तिसरी. सगळी वस्ती त्या एकीची. दगड कापून, काचेवर भुकटीत घासून घासून प्रांजली नेमकी ह्या थराला येऊन थांबली होती. केसभर जास्त घासलं असतं तर ही खोलीच पुसली गेली असती. दगड खाली घासता येतो, वर घासता येत नाही. आता सोमवारी तो पुण्याच्या मोठ्या दुर्बिणीखाली न्यायचा, सरांना दाखवायचा, आणि मगच तिला पुढं काही लिहिता येणार होतं.

आणि आज सकाळी वैजापूरला मैत्रिणीच्या साखरपुड्याला निघताना तीच डबी तिनं आजीच्या हातात दिली होती. "तुझ्यापाशी राहू दे. ह्या घरात ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी फक्त तुझ्याकडं सापडती." हे ऐकून म्हाळसाबाईची मान किती ताठ झाली होती. डबी तिनं देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली. मग रविवार म्हणून टाक काढले. एरवी दर रविवारी टाक आशामती घासते, सूनबाई, प्रांजलीची आई, आणि म्हाळसाबाई पाटावर बसून नुसता भंडारा लावते. पण आज नळाला पाणी यायचा दिवस होता, आठवड्यातून एकदा येणारं ते पाणी सोडून देवाला कोण बसणार, म्हणून आशामती खाली पाइप धरून उभी होती. तेव्हा परात म्हाळसाबाईनंच ओढली. ह्या घरात जो म्हातारा माणूस जातो, त्याचा शहागंजातल्या सोनाराकडून चांदीचा टाक करून आणायचा आणि देवाच्या ताटात बसवायचा, मग तो देवाबरोबर न्हातो, देवाबरोबर हळदीत पिवळा होतो. जो आपल्या आधीचा तो ताटात. आणि प्रांजली तर म्हणाली होती, हे लई आधीचे, आपल्या सगळ्यांच्या आधीचे. डबीत कापसात एकटाच पडलेला तो दगड बघून म्हाळसाबाईला बरं वाटलं नाही. तिनं तो उचलून परातीत मुंजाबाच्या टाकाशेजारी ठेवला. कुणाच्या नावानं ठेवला, हे तेव्हा तिनं स्वतःला विचारलं नाही.

आता तिनं तो पदरानं टिपला, डबीत घातला, खराब बाजू खाली करून, आणि वर कापूस दाबला. वरून दगड होता तसाच दिसत होता. टाक ताटात लावले, भंडारा लावला, बोटांना हळद राहिली. जिन्यावर आशामतीची ओली पावलं वाजली.

"आत्याबाई, तुमी कशाला घासत बसल्या? मी आले असते की."

"तू येईपतूर देव उपाशी बसायचे. टाकी भरली का नुसती साडी भिजवून आलीस?"

"दोन्ही," आशामती म्हणाली आणि पिळा घालत गच्चीकडं गेली. अलीकडं तिला अशी उत्तरं सुचायला लागली होती. म्हाळसाबाईला ती आवडायची, पण तसं दाखवायची तिला गरज वाटत नसे. मात्र आज त्या पाठमोऱ्या ओल्या सुनेकडं बघताना तिच्या मनात एक गोष्ट अशी सहज येऊन बसली की तिचं तिलाच नवल वाटलं. टाक आशामती घासते हे सगळ्या घराला माहीत आहे. म्हणजे आपण काही बोलायचंसुद्धा कारण नाही. खोटं बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, नुसतं बसून राहायचं. प्रांजली डबी उघडेल, आईकडं बघेल, आणि आशामती मान खाली घालेल. लग्न होऊन आल्यापासून ह्या घरात जे फुटलं, सांडलं, करपलं, ते आशामतीनं आपल्या अंगावर घेतलं होतं, कारण दुसरं कुणी घेणारं नव्हतं आणि म्हाळसाबाईचं कधी चुकत नाही हे भिंतीत विटा असाव्यात तसं ह्या घरात पक्कं होतं. त्यातली एक वीट काढली तर वरचं काय काय खाली येईल, कोण सांगणार.

ती गच्चीच्या पायरीवर उन्हात जाऊन बसली. मार्गशीर्षातलं ऊन, पाठीला गोड लागणारं. खालच्या मजल्यावर बिभीषणाच्या मुलांचा टीव्ही, मधल्या मजल्यावर धाकट्या लेकाच्या घरातला कुकर, मागच्या खोलीत भाडेकरूचं शिवणयंत्र. एकेका भिंतीमागं एकेक आवाज आणि सगळे मिळून एकच काहीतरी गुणगुणल्यासारखं. हे ऐकत बसणं हे तिचं सुख होतं. ही जागा घेतली तेव्हा इथं नुसती खदान होती, काळा दगड आणि वेडी बाभूळ. मुंजाबा शहागंजात फुटपाथवर घोंगड्या विकायचा. मेंढरं मोडून शहरात यायचं तिनं ठरवलं, त्यानं नव्हे. एक खोली घातली पत्र्याची. पोरगा झाला, शेजारी दुसरी. त्याचं लग्न झालं, वर तिसरी. गवंडी विचारायचा, नकाशा कुठाय, ती म्हणायची, मी हाय की. काल दगडातली ती मधली खोली बघून ती चटकन म्हणाली होती, "म्हंजे ही मी." प्रांजली हसली होती. म्हणाली, लई नंतरच्या वस्त्यांत तर कामंसुद्धा वाटलेली असतात, आजी. काही खोल्यांत पाखराच्या चोचीसारखा नुसता जबडा. तो जबडा स्वतः खात नाही. कुणी अंगावर चढलं की चावायचं, एवढंच त्याचं काम. "मग त्याला खायला कोण घालतं?" "शेजारच्या खोल्या. भिंतीतल्या भोकातून." कपडे काढायला आलेली आशामती तेवढ्यात उगाचच खोकली आणि पदर तोंडाला लावून खाली पळाली. म्हाळसाबाईला राग यायला हवा होता. पण तिला रात्रभर मधूनमधून हसूच येत राहिलं. चोच तर चोच. ह्या गल्लीत जागा राखायला चोचच लागली. पोलीस, पाण्याचे टँकरवाले, हद्दीचा दगड रातोरात सरकवणारा शेजारी, ह्यांना मिशा दाखवून भागलं नसतं.

टोचलं ते दुसरंच. खाली उतरता उतरता प्रांजली बोलून गेली होती. "पण आजी, ही ह्या वस्तीची पहिली. ह्या जातीची पहिली अजून सापडलीच नाय." शिंपल्यांची, गोगलगाईंची, बाकी सगळ्या जुन्या जनावरांची खूण ह्याहून खालच्या, जुन्या थरात सापडते, तिनं सांगितलं. एकट्या ह्यांचीच नाही. जणू एकदम घरंदारं बांधूनच उगवले. मध्यंतरी चीनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात एक बारीक जाळी घावली, त्या जुन्या थरातली; सापडली सापडली म्हणून सगळ्यांना आनंद झाला. दोन वर्षं झाली नाहीत तर दुसरे उठले, म्हणाले, हे जनावर नव्हेच, हे समुद्रातलं शेवाळ.

"मग खरं कुणाचं?"

"भांडण चालूच हाय."

"भावकी दिसती," म्हाळसाबाई म्हणाली होती.

"सरांना वाटतं, आधीच्यांना भिंत नसंल. मऊ अंगाचे असतील नुसते. मऊ अंगाचं दगडात सहसा काय राहात नाय. भिंत घातली तवापासून खूण. म्हणून सापडलेली पहिली निराळी आणि असलेली पहिली निराळी."

तेव्हा तिनं हूं म्हटलं होतं. पण ते वाक्य चपलेत खडा राहावा तसं तिच्याबरोबर आलं, झोपेतसुद्धा. आयुष्यभर ती सांगत आली होती, ह्या घराची सुरुवात माझ्यापासून. सातबारा नव्हता, तो मी केला. रेशनकार्ड नव्हतं, ते मी केलं. छप्पर नव्हतं, ते मी घातलं. खरंच होतं ते. पण मग तिच्या आधी काय होतं, ह्याचं तिच्याकडं एकच उत्तर असायचं: काय नव्हतं. आता उन्हात बसल्या बसल्या तिला ते काय-नव्हतं दिसायला लागलं. गोदाकाठच्या काळ्या रानात बसवलेली मेंढरं, घोड्यावर बांधलेलं बिऱ्हाड, तीन दगडांची चूल जी सकाळी पायानं मोडून पुढं जायचं. तिची बय, म्हणजे आई. बयला घर नव्हतं, म्हणजे नव्हतंच. जन्म मेंढरं कोंडायच्या वाघराच्या जाळीशेजारी आणि जाणंही तसंच, वैजापूरच्या अलीकडं एका परक्याच्या बांधाला. तिथं तिला लाकडं मिळाली तेवढी दिली आणि उन्हं चढायच्या आत कळप पुढं काढला, कारण रान दुसऱ्याचं आणि मेंढरं भुकेली. बयचा फोटो नाही. नाव कुठल्या कागदावर नाही. टाकही नाही, कारण टाक भावाच्या देव्हाऱ्यात बसायचा आणि भाऊ कुठल्या वाटेनं गेला तेच कळलं नाही. म्हाळसाबाईनं डोळे मिटून बयचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. कपाळावरचं गोंदण आलं, लुगड्याचा काठ आला, मेंढीच्या दुधाचा वास आला. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसतं ऊन. आपण म्हाताऱ्या झालो तशी ती पुसत गेली की काय. आणि मग तिला कळलं की मुंजाबाच्या शेजारी तो दगड आपण कुणाच्या नावानं ठेवला होता.

हे कळल्यावर तिला रडू आलं नाही. उलट अंग सैल झाल्यासारखं वाटलं. बिभीषण जेवायला बोलवायला आला, म्हणाला, "माय, किती वेळ बसलीस उन्हात, तब्येत बरी हाय ना?" ती म्हणाली, "तुझ्यापेक्षा बरी. भाकर वर धाड." आशामतीनं बाजरीची भाकर, वांग्याची भाजी आणि वर लोण्याचा गोळा पाठवला, न मागता. तिनं तो सगळा खाल्ला. एवढं करून ठेवलेलं असताना भूक लागते ह्याची तिला थोडी लाज वाटली आणि थोडी मजाही. मात्र भाकरीचा शेवटचा तुकडा मोडताना तिच्या ध्यानात आलं की आपण जिन्याकडं कान लावून बसलो आहोत, आणि संध्याकाळ लांब असावी असं आपल्याला वाटतंय. हद्दीच्या भांडणात तलाठ्यासमोर उभं राहतानासुद्धा तिला असं वाटलं नव्हतं. भीती प्रांजलीच्या रागाची नव्हती. ह्या घरात एक पोरगी होती जी पुण्याहून आली की आधी आजीपाशी बसायची, तिला मूर्ख न समजता कोटींच्या गोष्टी सांगायची. उद्यापासून ती डबी दुसऱ्याकडं देईल. काही बोलणार नाही, नुसती दुसऱ्याकडं देईल.

दिवे लागायच्या सुमाराला प्रांजली आली. साखरपुड्याच्या साडीत, हातात पेढ्यांचा पुडा, केसांत अर्धा सुकलेला गजरा. "आजी, नवरामुलगा काय बोलतच नाय, नुसता मोबाइल बघतोय," असं सांगत सांगत तिनं फळीवरून डबी घेतली, कापूस काढला आणि दगड उलटा केला. तिनं भिंग काढलं, दिव्याखाली गेली, बराच वेळ वाकून बघत राहिली. बोटानं दगड चाचपला, बोट नाकाशी नेलं; चिंचेचा आंबट वास होता.

"आई," तिनं हाक मारली. "आज टाक कुणी घासले?"

आशामती हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. तिनं लेकीच्या हातातला दगड बघितला, मग एकदाच सासूच्या तोंडाकडं बघितलं, आणि इतक्या वर्षांची सवय तिच्या तोंडातून बोलायला लागली. "मीच असंल गं. नळाच्या गडबडीत माझ्या..."

"तू कशी असशील," म्हाळसाबाई म्हणाली. "तू पाइपापाशी होतीस. मी घासला. चिंचेत टाकला, काथ्या लावला. डबीत उलटा ठेवला तोबी मीच." तिनं घसा साफ केला. पुढचे शब्द तिच्या जिभेला सरावाचे नव्हते, ते तिनं नव्या वहाणा घालाव्यात तसे जपून काढले. "चुकलं माझं."

आशामतीचा हात पदरातच राहिला.

प्रांजली ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला कसं उत्तर द्यायचं ते म्हाळसाबाईला माहीत होतं. पण प्रांजली ओरडली नाही. साखरपुड्याच्या साडीसकट ती आजीच्या समोर जमिनीवर बसली, मांडी घालून, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ, आणि दगड दोघींच्या मध्ये ठेवला. तिचा आवाज चढायच्या ऐवजी खाली गेला.

"आजी, इकडं बघ. खाली बघू नको." ती थांबली. "हे मी तुला सांभाळायला दिलं होतं. धुवायला दिलं होतं? आं?" पुन्हा थांबली. "आमीबी त्याला आंबट लावतो. पाण्यात थेंबभर टाकून, एक श्वास घेऊन सोडंस्तोवर. तू त्याला न्हाऊ घातलंस. मधली खोली गेली. फोटो हायेत, पण फोटो म्हंजे दगड नव्हे. उद्या सरांना काय सांगू, देवाबरोबर धुतला? आं? आणि वर उलटा करून ठेवलास. मला दिसणार नव्हतं? आं?"

म्हाळसाबाईच्या पाठीतून काहीतरी सरसरत गेलं. ते शब्दांनी नव्हतं, शब्द तिनं नीट ऐकलेच नव्हते. रागवायच्या आधी खाली बसायचं. गुडघ्याला गुडघा लावायचा. आवाज विहिरीत सोडावा तसा खाली सोडायचा, आणि दर वाक्याच्या शेवटी हनुवटी जराशी उचलून, श्वास आत ओढत म्हणायचं, आं? कोकरू हरवलं तेव्हा, दुधाचं भांडं लवंडलं तेव्हा, रात्री राखणीला बसवलेली म्हाळसा झोपली आणि लांडगा आला तेव्हा, बय अशीच समोर येऊन बसायची. असाच हळू आवाज. मार परवडला असं वाटायला लावणारा. म्हाळसाबाईनं हे कधी उचललं नव्हतं, ती तर ओरडून गल्ली गोळा करणारी. बिभीषण तिच्यावर गेलेला. आशामती परक्या घरची. बयला ऐकलेलं माणूस ह्या जगात म्हाळसाबाईशिवाय आता कुणी उरलं नव्हतं, आणि तिनं तो आवाज कुणाला कधी करून दाखवला नव्हता, तिला स्वतःलाच तो आठवत नव्हता. तरी तो इथं होता. उस्मानपुऱ्यातल्या तिसऱ्या मजल्यावर, पुण्यात शिकणाऱ्या पोरीच्या गळ्यात, जिवंत, गरम, रागावलेला.

तिनं प्रांजलीच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि आठवणीतल्या उन्हाच्या जागी हळूहळू बयच्या भुवया यायला लागल्या.

प्रांजली बोलायची थांबली. "काय झालं? आजी, रडतीस का काय?"

"कोण रडतंय," म्हाळसाबाई म्हणाली. तिनं पाय पोटाशी घेतले, पदर नीट केला आणि चुकार पोरीनं बसावं तशी हात गुडघ्यावर ठेवून नातीसमोर सरळ बसली. आशामती दारातून हलली नव्हती.

"तू बोल," म्हाळसाबाई प्रांजलीला म्हणाली. "अजून बोल. तसंच. हळू."